आधी टेप, मग खुर्ची

लातूरच्या ट्यूशन एरियात दर आठवड्याला ज्या सराव प्रश्नपत्रिका हजारोंच्या संख्येने वाटल्या जातात, त्यांपैकी काही आमच्या घरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत, एकाच टेबलावर जुळवल्या जातात. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिकांची अक्षरजुळणी मी २००९ पासून करते. आधी श्रीलिपीत टंकलेखन आणि पेजमेकरमध्ये पाने लावणे असे काम होते, पुढे युनिकोड आले. समीकरणे मात्र तेव्हाही एकेक चिन्ह निवडूनच लिहावी लागत आणि आजही तशीच लावावी लागतात. ‘नीट’ची परीक्षा मे महिन्याच्या सुरुवातीला असल्यामुळे फेब्रुवारी ते एप्रिल हे तीन महिने दिवसाला दहा-अकरा तास बसावे लागते. इतकी वर्षे मी संगणक बदलला, प्रिंटर बदलला, कीबोर्ड तर कितीतरी बदलले, पण आपण ज्या वस्तूवर बसून हे सगळे करतो तिचा गांभीर्याने विचार केला नव्हता.

सुरुवातीची बरीच वर्षे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उशी टाकून काढली. २०२१ मध्ये बाजारातल्या एका दुकानातून सहा हजार आठशे रुपयांना काळ्या रेक्झिनची, उंच पाठीची, फिरती खुर्ची आणली. दुकानात तिला ‘बॉस चेअर’ म्हणतात. ती दिसायला भारदस्त होती आणि पहिले पंधरा दिवस गादीच्या मऊपणामुळे मला फार समाधान वाटले. एप्रिलमध्ये लातूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि वीज गेली की पंखाही नसतो. अशा दुपारी त्या रेक्झिनवर पाठ घामाने चिकटून जाई. दुसऱ्या उन्हाळ्यात बैठकीचे पापुद्रे सुटू लागले आणि उंची वरखाली करणारा दांडा हळूहळू खाली बसू लागला. दुरुस्ती करणारे त्याला ‘हायड्रॉलिक गेले’ असे म्हणतात. प्रत्यक्षात त्या नळीत दाबाखाली नायट्रोजन वायू कोंडलेला असतो आणि आतले सील झिजले की तो दाब टिकत नाही. तो दांडा मी बदलून घेतला, परंतु खरा त्रास वेगळाच होता. तासाभरात दोन्ही मांड्यांच्या मागच्या बाजूला मुंग्या येत, उठताना उजवा पाय क्षणभर आपला वाटत नसे, माकडहाड ठणकत असे आणि संध्याकाळी उजवा खांदा कानाकडे ओढल्यासारखा जड होत असे.

२०२३ च्या मार्चमध्ये, कामाच्या ऐन गर्दीत, अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे लागले. एक्स-रेमध्ये काळजी करण्यासारखे काही निघाले नाही आणि त्यांनी मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. त्या बाईंनी तपासणी झाल्यावर जी गोष्ट सांगितली, तिथून माझ्या विचाराची दिशा बदलली. “ताई, तुम्ही कशा बसता हे तुम्ही सांगू नका. घरच्या कोणाला तरी तुमच्या नकळत बाजूने फोटो काढायला सांगा, काम सुरू होऊन तास-दीड तास झाल्यावर,” असे त्या म्हणाल्या. माझ्या मुलाने तो फोटो काढला. मी समजत होते की मी खुर्चीवर टेकून बसते. फोटोत मी बैठकीच्या पुढच्या चार-सहा बोटांवर कशीबशी टेकलेली होते, पाठ आणि खुर्चीची पाठ यांच्यात वीतभर अंतर होते, टाचा जमिनीपासून उचललेल्या होत्या आणि हात वर टेबलावर चढवल्यामुळे दोन्ही खांदे उंचावलेले होते. जिला मी उंच पाठीची म्हणून पैसे मोजले होते, तिच्या पाठीला मी दिवसभरात स्पर्शही करत नव्हते.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी तो फोटो पाहून मला दोन प्रश्न विचारले: खुर्चीची बैठक किती खोल आहे आणि टेबल किती उंच आहे? दोन्हींची उत्तरे मला ठाऊक नव्हती. चप्पल घेताना आपण आधी नंबर सांगतो, ब्लाउज शिवायला टाकताना टेप लावून घेतो, पण रोज दहा तास अंगाशी राहणारी खुर्ची मात्र नुसती दाबून पाहून घेतो. त्या संध्याकाळी मी शिवणाची टेप काढली आणि आधी स्वतःला मोजले, मग खुर्चीला.

हे मोजमाप कसे केले ते सविस्तर लिहिते, कारण पुढची सगळी निवड त्यावर ठरली. कठीण स्टुलावर, अनवाणी, गुडघे काटकोनात ठेवून बसले आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतची उंची मोजली; ती साडेअडतीस सेंटिमीटर भरली. ‘अनवाणी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कार्यालयीन खुर्च्यांची मापे बूट घातलेला माणूस गृहीत धरून ठरतात, आणि आपल्याकडे घरात काम करणारी माणसे चपला उंबऱ्याबाहेर काढून बसतात, त्यामुळे दोन-अडीच सेंटिमीटर तिथेच कमी होतात. नंतर भिंतीला पाठ लावून बसले आणि भिंतीपासून त्याच खळगीपर्यंतचे आडवे अंतर घेतले: चव्वेचाळीस सेंटिमीटर. बैठकीची कड आणि ही खळगी यांच्यात दोन ते तीन बोटे जागा सुटली पाहिजे, नाहीतर एक तर कड पायात रुतते किंवा माणूस तिला टाळण्यासाठी पुढे सरकतो. म्हणजे मला साधारण चाळीस सेंटिमीटर खोलीची बैठक हवी होती. शेवटचे माप दंड सरळ खाली सोडून कोपरापर्यंतचे, बैठकीपासून एकवीस सेंटिमीटर.

आता जुनी खुर्ची मोजली. दांडा पूर्ण खाली केला तरी बैठक सत्तेचाळीस सेंटिमीटरवर थांबत होती आणि तिची खोली एक्कावन्न होती. हात टेकवायचे दांडे बैठकीपासून पंचवीस सेंटिमीटरवर पक्के बसवलेले होते, त्यामुळे त्यांवर हात ठेवला की खांदे आपोआप चार सेंटिमीटर वर जात. माझी उंची पाच फूट आहे. पावणेसहा फुटांच्या माणसाला हीच खुर्ची कदाचित बरी पडली असती. माझ्यासाठी ती दोन नंबर मोठी चप्पल होती, आणि ती घालून मी दोन वर्षे चालत होते. कंबरेला आधार देणारा फुगवटाही माझ्या कंबरेला नव्हे, तर त्याच्या बराच वर, पाठीच्या मधोमध लागत असे.

त्या काळात रात्री झोपण्यापूर्वी मी या विषयावर मिळेल ते वाचत असे. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या कंबरेच्या मणक्यांमधील चकतीत सुई घालून वेगवेगळ्या स्थितींतला दाब मोजला आणि आधाराविना बसल्यावर तो उभे राहण्यापेक्षा जास्त असतो असे नोंदवले. नंतरच्या, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात सैल बसण्यातला दाब उभे राहण्याच्या जवळपासच आढळला, त्यामुळे पहिला निष्कर्ष सरसकट सांगणे योग्य नाही. पण पुढे वाकून बसल्यावर दाब वाढतो आणि मागे टेकल्यावर कमी होतो, याबाबत दोन्ही मोजमापे सारखीच आहेत. मला माझ्या फोटोचा अर्थ यातून नीट कळला: माझ्यासाठी चांगली खुर्ची म्हणजे जिच्यावर मागे टेकूनही माझे काम होऊ शकेल अशी खुर्ची. अमेरिकेतील हर्मन मिलर कंपनीने १९९४ मध्ये बिल स्टंफ आणि डॉन चॅडविक यांच्या रचनेची ‘एरॉन’ ही खुर्ची आणली, ती ए, बी आणि सी अशा तीन मापांत होती, हे वाचून तर मला हायसे वाटले. खुर्चीलाही नंबर असावा ही माझी एकटीची कल्पना नव्हती. त्या खुर्चीची किंमत अर्थातच माझ्या आवाक्यातली नव्हती.

मग मी टेप पर्समध्ये टाकून गंजगोलाईपासून औसा रोडपर्यंतची दुकाने पाहिली. दुकानदार वागायला चांगले होते, पण टेप काढली की बहुतेकांना नवल वाटे. “ताई, हीच घेऊन टाका, डॉक्टर लोक बी हीच नेतात,” असे एकाने सांगितले. दुसऱ्याने ‘बिफ्मा’चे लेबल दाखवले. बिफ्मा ही अमेरिकेतील कार्यालयीन फर्निचर उत्पादकांची संघटना असून तिच्या चाचण्यांतून खुर्ची किती टिकाऊ आणि सुरक्षित आहे, दांडा, पंजा (चाके बसवलेला खालचा पाया) आणि चाके किती भार सोसतात, हे कळते. ते लेबल खरे असेल तर उपयोगाचेच आहे. मात्र त्यावरून खुर्ची माझ्या पायाच्या मापाची आहे की नाही ते समजत नाही. सगळ्यात मोठी अडचण अशी की बऱ्याच खुर्च्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या असत आणि दोन मिनिटांच्या वर बसू देण्याची कोणाची तयारी नसे. दोन मिनिटांत फक्त गादीचा मऊपणा कळतो, आणि मला तर आता मऊपणाची भीतीच वाटू लागली होती, कारण फार मऊ फोम काही महिन्यांत दबून खालची फळी हाडाला लागते.

दरम्यान एक खुर्ची मी ऑनलाइन मागवली. वर्णनात बैठकीची कमीत कमी उंची त्रेचाळीस लिहिली होती, ती प्रत्यक्षात सेहेचाळीस भरली आणि डोके टेकवायचा भाग माझ्या मानेऐवजी डोक्याच्या मागे लागून मान पुढे ढकलू लागला. ती परत पाठवण्यात तीन आठवडे गेले. त्यातून एवढा धडा घेतला की विक्रेत्याला आधी संदेश पाठवून, टेप लावलेला फोटो मागितल्याशिवाय कोणत्याही मापावर विसंबायचे नाही.

मनासारखी खुर्ची शेवटी छत्रपती संभाजीनगरला मिळाली. माझी धाकटी बहीण तिथे राहते आणि तिच्या यजमानांना जुने कार्यालयीन फर्निचर विकणारे एक गोदाम माहीत होते. बंद झालेल्या किंवा जागा बदलणाऱ्या कार्यालयांतून आलेल्या शंभरेक खुर्च्या तिथे रांगेने लावलेल्या होत्या. धूळ बरीच होती, पण प्लॅस्टिकचे आवरण नव्हते आणि बसायला मनाई नव्हती. मी सोबत एक पुस्तक नेले होते. गोदामवाल्या काकांना मी स्पष्टच सांगितले की मला प्रत्येक खुर्चीवर निदान अर्धा तास बसायचे आहे. “बसा की बाई, दिवसभर बसा, कोण उठवायलंय,” असे म्हणून त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला. त्या दिवशी मी चार खुर्च्यांवर मिळून जवळजवळ तीन तास बसले, आणि या सगळ्या प्रवासात मला सर्वांत जास्त तिथेच शिकायला मिळाले.

दोन खुर्च्या दिसायला अगदी सारख्या होत्या, पण मागे रेलल्यावर त्यांचे वागणे वेगळे होते. पहिलीची बैठक आणि पाठ एकत्रच, मधल्या दांड्यावर झोपाळ्यासारखी झुकत होती. त्यामुळे मागे रेलले की बैठकीची पुढची कड वर येऊन पाय जमिनीवरून सुटत. याला ‘सेंटर टिल्ट’ म्हणतात आणि बहुतेक स्वस्त फिरत्या खुर्च्यांत हीच रचना असते. दुसरीत ‘सिंक्रो’ रचना होती: पाठ जितकी मागे जाई त्याच्या साधारण निम्मीच बैठक कले, आणि पावले जमिनीवर टेकलेली राहत. आखूड पायांच्या माणसाला हा फरक किती मोठा आहे, हे बसल्याखेरीज समजत नाही. बैठकीखालची एक गोल मूठ फिरवून रेलण्याचा ताण कमीजास्त करता येतो, हेही तिथेच कळले. माझे वजन बावन्न किलो; ताण घट्ट असल्यामुळे मी रेलायला गेले तर पाठ हलेचना. काकांनी मूठ आठ-दहा वेळा उलटी फिरवली आणि तीच खुर्ची माझ्याबरोबर मागेपुढे होऊ लागली.

जी खुर्ची घेतली तिची पाठ जाळीची आणि बैठक साच्यातल्या घट्ट फोमची, वर कापड, अशी होती. संपूर्ण जाळीच्या बैठकीवरही मी बसून पाहिले, परंतु तिच्या बाजूची कठीण चौकट मांडीला लागत होती. माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते आणि त्यांची वेताने विणलेली लाकडी खुर्ची मला आठवते; त्या विणीतून वारा खेळत असे आणि भर उन्हाळ्यातही त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला नसे. जाळीची पाठ पाहून मला त्या वेताची आठवण झाली, आणि आपल्या हवेला रेक्झिन किती परके आहे हेही जाणवले. या खुर्चीची बैठक पुढेमागे सरकते, सर्वांत मागे घेतल्यावर ती बरोबर चाळीस सेंटिमीटर भरली. दांडा पूर्ण खाली केल्यावर मोकळी उंची बेचाळीस, आणि मी बसल्यावर फोम दबून चाळीस. कंबरेचा आधार वरखाली होत होता. हाताचे दांडेही खाली घेता येत होते. साडेआठ हजार रुपये ठरले. पाठ वेगळी काढून, पंजा आणि दांडा सुटा करून ती रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून लातूरला आली.

खुर्ची जोडून टेबलासमोर बसले आणि लक्षात आले की काम अर्धेच झाले आहे. टेबल पंचाहत्तर सेंटिमीटर उंच होते. पाय जमिनीवर टेकतील अशी खुर्ची खाली घेतली तर कोपर एकसष्टवर येत होते, म्हणजे हात हनुवटीकडे उचलूनच टंकन करावे लागणार. आणि खुर्ची टेबलाच्या मापाने वर घेतली तर पाय पुन्हा लोंबकळणार. इतके दिवस मी सगळा दोष खुर्चीवर टाकत होते, पण मला पुढच्या कडेवर नेऊन बसवणाऱ्यांत टेबलही तितकेच सामील होते. एक उपाय म्हणजे उंच पायफळी घेणे, पण चौदा सेंटिमीटरच्या फळीवर पाय ठेवून दिवसभर बसायचे तर पाय हलवायला जागाच राहत नाही. मी ओळखीच्या सुतारांना बोलावले.

“चांगलं सागवानी टेबल हाय, ताई. कापायला लावायलात, पुन्हा जोडता यायचं नाही,” असे म्हणून सुतारकाका बराच वेळ टेबलाभोवती फिरत राहिले. त्यांचे म्हणणे मला कळत होते, कारण ते टेबल वडिलांचे होते. मी त्यांना खुर्चीवर बसून दाखवले, कोपराखाली टेप धरली आणि टेबलाच्या पायावर पेन्सिलने खूण केली. माप ठरवताना एका गोष्टीचा विचार करावा लागला. संध्याकाळी याच टेबलावर माझी मदतनीस काम करते. तिची उंची पाच फूट तीन इंच आहे आणि तिला बैठक साधारण साडेएकेचाळीसवर बरी पडते. मीही तेवढ्याच उंचीवर बसून पायांखाली तीन सेंटिमीटरची साधी फळी घेतली, तर दोघींची कोपरे जवळजवळ एकाच रेषेत येत होती. त्यातून कीबोर्डची दोन सेंटिमीटर जाडी वजा करून टेबल एकसष्टवर ठेवायचे ठरले. चारही पाय चौदा सेंटिमीटरने कापले आणि मांडीला अडू नये म्हणून मधला खण काढून टाकला.

टेबल खाली गेले तसा संगणकाचा पडदाही चौदा सेंटिमीटर खाली गेला, आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला हवी. सुतारकाकांनी कापलेले चार तुकडे उचलले, त्यांवर निघालेल्या खणाची फळी ठोकली आणि त्याचीच पडद्यासाठी बैठक करून दिली. कापायला कचरणाऱ्या माणसाने लाकडाचा एकही तुकडा वाया जाऊ दिला नाही.

नंतर लहानसहान दुरुस्त्या करत गेले. खुर्चीची मूळ चाके कठीण नायलॉनची होती आणि आमच्या खोलीत शहाबादी फरशी आहे. ती चाके फरशीवर घसरत आणि फटींत आवाज करत, म्हणून मऊ पॉलियुरेथेनची पाच चाके बसवून घेतली. माझी ओढणी दोनदा चाकात गुंतली. आता कामाला बसताना ती खांद्यावरून काढून मागे खुंटीला लावते. साडी नेसणाऱ्या मैत्रिणींनीही चाकांच्या खुर्चीवर पदर खोचूनच बसावे, असे मी आवर्जून सांगते. दुपारी मला थोडा वेळ मांडी घालून बसण्याची जुनी सवय आहे. फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारले तेव्हा त्यांनी मनाई केली नाही. दहा-पंधरा मिनिटे बसा, पण स्थिती बदलत राहा आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठाच, असे त्या म्हणाल्या. म्हणून हाताचे दांडे मी सर्वांत खाली ठेवते, म्हणजे गुडघे त्यांना अडत नाहीत.

मांड्यांतल्या मुंग्या पहिल्या आठवड्यातच थांबल्या. माकडहाडाचे दुखणे जायला दोन महिने लागले आणि त्यात व्यायामाचा वाटा मोठा होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मानेचा त्रास मात्र राहिला, कारण शिक्षकांनी हाताने लिहिलेली पाने टेबलावर सपाट ठेवून मी दर ओळीला मान खाली घालत होते. त्यासाठी आता पाने पडद्याशेजारी उभी धरणारा लाकडी ठोकळा केला आहे, आणि पुढच्या फेब्रुवारीत कामाची गर्दी सुरू झाली की त्याचा खरा उपयोग कळेल. मदतनीस आली की ती बैठकीखालची कळ दाबून बैठक तीन बोटे पुढे घेते आणि पायाखालची फळी भिंतीकडे सरकवते. बैठकीच्या कडेला आम्ही नेलपॉलिशच्या दोन रेघा ओढल्या आहेत, लाल माझी आणि निळी तिची, म्हणजे सकाळी मला पुन्हा टेप शोधावी लागत नाही.